कौलाआधीची तारीख

संचिताने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला आणि तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं. बुधवार, २५ फेब्रुवारी. तिने लॅपटॉप पडवीतल्या बाकावर ठेवला, आत जाऊन पाणी प्यायली, परत आली आणि चौथ्यांदा विचारला. पडद्यावर पुन्हा तेच, २५ फेब्रुवारी.

पंधरा मिनिटांपूर्वी ही ओळ तिने स्वतःच्या हाताने पुसली होती. मुळात लिहिलीही तिनेच होती, आणि लिहायची नव्हती.

वरचीवाडीच्या माऊलीची जत्रा पंचांगात सापडत नाही. तारीख देवी देते. डिसेंबर सरता सरता एका सकाळी मानकरी देवळात जमतात, गुरव देवीच्या पाषाणाला दोन अंगांना दोन ओल्या पाकळ्या लावतो आणि एकेक दिवस पुकारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तोवर तारीख कुणालाच ठाऊक नसते, गुरवालासुद्धा. गुरव म्हणजे जयराम, संचिताचे वडील. एकतीस वर्षं पाकळ्या तेच लावत आले होते.

कौल लागेपर्यंत थांबायची मुंबईकरांची तयारी नसे. गाडीचं तिकीट काढायचं असतं, रजा टाकायची असते. त्यामुळे दर वर्षी नोव्हेंबरपासूनच देवीच्या फोटोखाली कुणीतरी कुठलीतरी तारीख छापून फोनवर सोडून द्यायचं. तीन वर्षांपूर्वी असल्याच एका तारखेवर भरवसा ठेवून दोन बसभर माणसं आली आणि बंद देवळापुढे उभी राहिली. त्यांच्या ओट्या तशाच हातात होत्या. जयराम त्या दिवशी जेवले नव्हते.

संचिता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. तिने त्यावर तोड काढली. देवस्थानाच्या वेबसाइटचं जे नाव होतं, त्या नावाला जोडून एक मोकळी ओळ लिहून ठेवता येते. तिला टेक्स्ट रेकॉर्ड म्हणतात. जगातल्या कुठल्याही संगणकाने विचारावं आणि ती ओळ वाचावी. लिहिणं मात्र ज्याच्याकडे नावाची किल्ली आहे त्यालाच जमतं. किल्ली संचिताकडे. तिने पायथनमध्ये वीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली आणि मुंबईच्या मंडळाला, देवबागच्या होमस्टेवाल्यांना, दोन बसमालकांना देऊन टाकली. स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी ती ओळ विचारायची, आणि ओळ बदलली की आपल्या ग्रुपवर टाकायची. वर्षभर तिथे एवढंच असायचं: कौल झालेला नाही.

सोबत तिने एक पत्रकही केलं होतं. ‘जत्रेच्या तारखेबद्दल कुठल्याही मेसेजवर विश्वास ठेवू नका. माझ्यासुद्धा. फक्त रेकॉर्ड बघा.’ ‘माझ्यासुद्धा’ हा शब्द तिला लिहिताना फार आवडला होता.

दोन वर्षं सगळं बिनबोभाट चाललं. यंदा कौल उद्यावर आलेला, म्हणून ती सकाळी साडेसातला ओळ लिहायची स्वतःची स्क्रिप्ट झाडूनपुसून घ्यायला बसली. नव्या स्क्रिप्टला ओळ लिहिता येते का हे पाहायला एक तारीख हवी होती. मैत्रीण रश्मीचा वाढदिवस आठवला, तो टाकला. चाचणीसाठी वेगळं उपनाव ठेवलेलं होतं, ते घालायची जागा मात्र रिकामी राहिली. जागा रिकामी दिसली की सर्व्हर चूक दाखवत नाही. रिकामं म्हणजे खुद्द मुख्य नाव, असं तो धरून चालतो. अठरा मिनिटांनी तिच्या लक्षात आलं. तिने पुसून पुन्हा ‘कौल झालेला नाही’ लिहिलं आणि सुस्कारा सोडला.

सुस्कारा फुकट गेला. विचारलेली ओळ मधले सर्व्हर काही काळ जपून ठेवतात, आणि किती काळ ते नावाच्या मालकाने सांगायचं असतं. संचिताने एका उदाहरणातून आकडा जसाच्या तसा उचलला होता: एक दिवस. मुंबईच्या मंडळाची स्क्रिप्ट ज्या सर्व्हरला विचारायची, त्याची आदली प्रत नेमकी त्या अठरा मिनिटांत शिळी झाली. त्याने नवी नेली. आता उद्या सकाळपर्यंत तो तीच दाखवणार होता, आणि संचिता चार वेळा त्यालाच विचारत होती.

सव्वाआठला फोन वाजला. मंडळाचा सेक्रेटरी दत्तप्रसाद, भांडुपहून.

“संचिता, काय काम केलंस गो! चोवीस तारखेच्या गाडीचा बुकिंग आज आठाक उघडला आणि तुझी तारीख पावणेआठाक. चार मिनटांत तीनशे बारा तिकिटा! एक म्हणान वेटिंग नाय.”

“दत्तादादा, ती तारीख खरी नाय.”

“काय?”

“माझी चूक झाली. मी नुसता तपासून बघी होतंय. कौल फाल्या आसा.”

दत्तप्रसाद हसला.

“तूच सांगलंस मां, कोणाचोच मेसेज मानू नकात, तुझोसुद्धा? मगे फोन कसो मानू?”

“मस्करी नाय करणंय, दादा. खरा सांगतंय.”

“तर रेकॉर्ड कित्याक तसोच आसा? मी आत्ता बघतंय. पंचवीस लिवलेली आसा.”

तिने जुन्या प्रतीचं समजावून सांगितलं. दत्तप्रसाद एका बँकेत हेडक्लार्क आहे, त्याला ते बरोबर समजलं.

“म्हणजे रेकॉर्ड खोटा बोलता,” तो म्हणाला.

“उद्या सकाळपर्यंत.”

“शेवंतीकाकीक मी काय सांगू?” त्याचा आवाज आता खाली आला होता. “आठवड्याक दोनदा तिका डायलिसिसाक बसवचा लागता. मंगळवारी सकाळी करून गाडीत घालायची, गुरवारी रात्री परत आणून शुक्रवारी हास्पिटलात. बुधवार होतो म्हणान जमला. दुसरो वार इलो तर ती येना नाय, आणि फुडल्या वर्साचा कोणी बघितलाहा? तिकीट हातात घेवन बसली हा ती.”

संचिता “बघतंय” म्हणाली आणि फोन ठेवला. बघण्यासारखं तिच्याकडे काहीही नव्हतं.

तिने सगळ्या ग्रुपवर लिहिलं: तारीख चुकून गेली आहे, कौल उद्या आहे, कृपया तिकिटं काढू नका. पाच मिनिटांत उत्तरं आली. त्यातल्या अकरा जणांनी तिचंच पत्रक तिला परत पाठवलं. एकाने ‘माझ्यासुद्धा’वर लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘ताईचा नंबर कुणीतरी हॅक केलाय, सावध राहा.’ तिने फोन उलटा करून ठेवला. रडू आलं तेव्हा तिने ते येऊ दिलं. आई, सत्यवती, सुपातले कुळीथ निवडत होती. तिने एकदा मान वर करून पाहिलं आणि मग हाक मारली.

“अहो, हयसर या जरा.”

जयराम परसात माडाच्या आळ्यात पाणी सोडत होते. पाय धुऊन ते पडवीत आले. संचिताने सुरुवातीपासून सगळं सांगितलं. सर्व्हर, प्रत, एक दिवस, यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

“किती माणसां?” शेवटी त्यांनी विचारलं.

“तीनशे बारा.”

“आणि देवीन दुसरो दिवस दिल्यान तर?”

“तिकिटा फुकट. दुसरी आता गावाची नाय. आणि बाबा, त्या रेकॉर्डाक मगे कुत्रासुद्धा इचारूचा नाय. परत सगळे फोटोवरच्या तारखांच्या मागे धावतले.”

“हूं.”

“बाबा, मी चुकलंय.”

“चुकलंस,” जयराम म्हणाले. तिला ते ऐकून थोडं बरं वाटलं. आई म्हणाली असती की नाही गो, होतं असं.

दुपारी ते नेहमीसारखे जेवले नाहीत, नुसता पेजभात घेतला. संध्याकाळी महादू परब आले. मानकऱ्यांतले पहिले, देवळात नारळ त्यांच्या हातून फुटल्याशिवाय काही सुरू होत नाही. चपला न काढता ते पायरीवरच उभे राहिले. त्यांच्या मुंबईच्या मुलाने सकाळीच फोन करून तिकीट निघाल्याचं कळवलं होतं.

“जयराम, कौल फाल्या आणि तारीख आज. ह्या कसा काय रे?”

“चेडवाच्या हातून चूक झाली, महादूदा. तेणा सगळ्यांक तसा कळवलाय.”

“झाली आसतली. पण वाडीत बोलणा सुरू झाला हा. लोक म्हणतत, गुरवाच्या घरात आधीच ठरता आणि आमका पाकळ्यो दाखवतत.”

“तुमी काय म्हणतास?”

महादू परब एक पायरी खाली उतरले.

“माझ्या बापाशीन तुझ्या बापाशीचो कौल कधी तपासूक नाय. माका तपासूची पाळी आणू नको. फाल्या पंचवीसच इली तर मी काय समजायचा, ता तूच सांग.”

ते गेले. जयराम पायरीकडे बघत बसले. संचिता आतून ऐकत होती. सकाळपासून तिला स्वतःची आणि त्या तीनशे बारा माणसांचीच भीती वाटत होती. वडिलांचं नाव यात ओढलं जाईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता आलं, तशी ती बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसली.

“बाबा, फाल्या पंचवीस पुकारूच नकात. बाकीचे दिवस इचारा. तारीख येवंक नाय म्हणजे तुमच्यावर बोलणाच नाय.”

“भटान पाच दिवस काढून दिल्यानी हत. तेच्यात पंचवीस आसा. पाचातलो एक गाळूक माका येना नाय.”

“मगे?”

“मगे काय? इचारतलंय,” ते म्हणाले आणि दिवा लावायला उठले.

सकाळी देऊळ गच्च भरलं. एरवी कौलाला वीस-पंचवीस माणसं. आज बाया गाभाऱ्याच्या उजव्या दारापर्यंत दाटीवाटीने उभ्या होत्या. संचिता दाराच्या चौकटीशी होती. तिथून पाषाण दिसत नाही नीट, पण गुरवाचे हात दिसतात. लहानपणी ती इथेच उभी राहायची. पाण्याचा तांब्या, त्यात अंगठा बुडवायचा, पाकळीच्या पाठीला तो फिरवायचा, मग पाकळी दाबायची. दोन्ही पाकळ्यांना सारखंच पाणी. कमी लागलं तर पाकळी धरत नाही, हे तिला वडिलांनीच सांगितलं होतं.

महादू परबांनी नारळ फोडला आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवी माऊली, आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत. जी काय वाकडीतिकडी चूक झाली आसात, ती पोटात घाल...”

“व्हय म्हाराजा!”

“आणि तुझ्या मनात जो दिवस आसा, तोच दी. दुसऱ्या कोणाच्या मनातलो नको.”

“व्हय म्हाराजा!” लोकांनी म्हटलं. काहींनी जयरामांकडे पाहिलं.

पहिला दिवस पुकारला गेला. अकरा फेब्रुवारी. पाच मिनिटं काहीच हललं नाही, मग डावी पाकळी सुटली. जयरामांनी पाषाण पुसला. पंधरा फेब्रुवारी. तीही डावी, दोन मिनिटांनी. बायांमधून कुजबुज झाली आणि थांबली. संचिताचे तळवे ओले झाले होते, ते तिने ओढणीला पुसले. देवीने पंचवीसही नाकारावी, म्हणजे बाबा सुटतील, असं तिला वाटलं. लगेच शेवंतीकाकी आठवली. तिने शेवटी काही मागितलंच नाही.

“बुधवार, पंचवीस फेब्रुवारी,” जयराम म्हणाले.

त्यांनी तांब्यात अंगठा बुडवला, डाव्या पाकळीच्या पाठीला फिरवला आणि ती लावली. मग उजवी पाकळी उचलली. अंगठा तांब्याकडे गेला, काठाशी थांबला आणि मागे आला. कमरेच्या पंच्याला त्यांनी तो पुसला. कोरड्या अंगठ्याने त्यांनी पाकळी पाषाणावर टेकवली, थोडी दाबली, आणि हात जोडून मागे झाले.

लोकांचं ‘म्हाराजा’ म्हणून व्हायच्या आत उजवी पाकळी खाली आली.

देवळात एकदम गलका झाला. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं. संचिताच्या मागे समीक्षा नावाची शेजारीण उभी होती, तिने संचिताचे दोन्ही खांदे धरून हलवले. “अगो, देवीन आधीच सांगल्यान! तुझ्या मशिनात येवन सांगल्यान!” मग ते वाक्य दारातून बाहेर पडलं आणि दोन मिनिटांत अंगणात सगळे तेच बोलत होते. पाकळी इतक्या चटकन पडलेली कुणी पाहिली नव्हती. एवढा सरळ, एवढा लखलखीत कौल. शंका घ्यायला देवीने जागाच ठेवली नाही, असं भटसुद्धा म्हणाले.

संचिता चौकटीला टेकून राहिली. आपल्याला दिसलं ते दिसलं का, असं तिने स्वतःला विचारलं. दिसलं होतं.

महादू परब गर्दीतून वाट काढत गाभाऱ्याशी आले. डोळे भरलेले. त्यांनी जयरामांपुढे हात जोडले.

“माका माफ कर रे, जयराम. काल मी तुझ्या दारात उभो ऱ्हवान नको ता बोललंय. देवीन माझ्या तोंडार दिल्यान.”

जयरामांनी त्यांचे हात धरून खाली केले.

“माका हात जोडू नकात, महादूदा.”

“कित्याक नाय? एकतीस वर्सांचो माणूस तू, आणि मी...”

“म्हणान सांगतंय. जोडू नकात.”

महादू परबांना तो मोठेपणा वाटला. बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांना तसं सांगितलंही.

अकरा वाजता सर्व्हरवरची जुनी प्रत शिळी होऊन गेली होती. संचिताने घरी येऊन खरी तारीख लिहिली. कालची ओळ आणि आजची ओळ यांत एका अक्षराचाही फरक नव्हता. ग्रुपांवर फुलांचा आणि नमस्कारांचा पाऊस पडत होता. दत्तप्रसादने आवाजी मेसेज पाठवला होता, त्याच्यामागे शेवंतीकाकीचा बारीक आवाज, “तिका माझो आशीर्वाद सांग.” कुणीतरी नवं पत्रक करून फिरवायलाही घेतलं होतं: ‘रेकॉर्ड कधीच खोटा पडत नाही.’ तिने ते पुसून टाकायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्याचा मेसेज तिला पुसता येत नव्हता.

जयराम देवळाचं आवरून उशिरा आले. सत्यवतीने ताट वाढू का विचारलं, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. ते संचिताच्या शेजारी बाकावर बसले. ओल्या पंच्याचा वास येत होता.

“बाबा,” ती म्हणाली, “मी बघलंय.”

“ठावक आसा. तू खंय उभी ऱ्हवतंस ता माका ठावक आसा.”

“माझ्यासाठी केल्यात?”

त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं, “ह्या तुझ्या ओळीत नाव लिवक येता?”

“कोणाचा?”

“यज्ञेशाचा.” यज्ञेश तिचा चुलतभाऊ. “फुडल्या वर्सापासून कौल तो लायतलो. दादाचो झील, हक्क तेकाच जाता. हात बरो आसा तेचो.”

“बाबा, नको. कोणाक काय कळूक नाय.”

“देवळात मी उठान सांगलंय आसतंय तर शंभर जण इचारतले, कित्याक? महादूदा तर पायाच धरतलो. तुझ्या ओळीक कोण काय इचारणा नाय. ती सांगता आणि लोक मानतत.” त्यांनी डोळे चोळले. “लिव.”

संचिताचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. रडू कालच्यासारखं आलं नाही. आतून आई पुन्हा जेवायला बोलावत होती. शेवटी तिने नवी ओळ उघडली. नाव घालायची जागा नीट भरली, दोनदा तपासली, आणि लिहिलं. मग एंटर दाबलं आणि ओळ विचारून घेतली. उत्तर लगेच आलं.

“वाच बघूया,” जयराम म्हणाले. चष्मा त्यांनी देवळातच ठेवला होता.

“‘पुढच्या वर्षापासून कौल लावणार: यज्ञेश गुरव.’”

ते पुढे वाकून ती अक्षरं दिसतात का बघत राहिले.

“ह्या खरा आसा,” ते म्हणाले, आणि हात धुवायला परसात गेले.